वाढदिवस समुद्रात जरूर व्हावा, त्याची मुदत होऊ नये

१७ मार्च १९६९ या दिवशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तीस वर्षांचे झाले. ते तेव्हा अटलांटिक महासागरात ‘सुहैली’ या बत्तीस फुटी शिडाच्या बोटीवर एकटे होते. ही बोट मुंबईत बांधलेली, भारतीय सागवानाची. कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या पहिल्या शर्यतीसाठी ते १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाले होते. वाटेत रेडिओ बंद पडला. नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ लोकांनी त्यांना पाहिले, त्यानंतर साडेचार महिने ते जिवंत आहेत की नाहीत हे घरच्यांनाही ठाऊक नव्हते. त्या तिसाव्या वाढदिवसाला त्यांच्यापर्यंत शुभेच्छा पोचवणे जगात कुणालाच शक्य नव्हते. एप्रिलच्या सुरुवातीला एका तेलवाहू जहाजाला ते दिसले आणि २२ एप्रिलला, ३१२ दिवसांनी, फाल्मथला परतले. नऊ जण निघाले होते, त्यांतले पूर्ण प्रदक्षिणा करून पोचलेले ते एकटेच. वयाची तिशी त्यांनी समुद्रात ओलांडली, पण तिशीच्या आत पोचायचे असे काही त्यांनी ठरवलेले नव्हते. ही गोष्ट आज आवर्जून सांगायला हवी, कारण नंतरच्या काळात महासागर ओलांडणाऱ्या काही बोटींवर वाढदिवसाचे स्वरूप पार बदलून गेले. जो दिवस वाटेत यायचा आणि साजरा व्हायचा, तोच गाठायची मुदत होऊन बसला. माझ्या मते ही मुदत समुद्रावरच्या शहाणपणाच्या थेट विरोधात जाते. ‘सर्वात लहान वयात’ ही विक्रमाची जात आपण मोडीत काढायला हवी.

समुद्रात वाढदिवस येणे ही मुळात नवलाची बाब नाही. कॅनरी बेटांतून कॅरिबियन बेटांकडे जाणारी अटलांटिकची नेहमीची वाट साधारण २,७०० सागरी मैलांची आहे. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये, चक्रीवादळांचा हंगाम सरत आला की शेकडो शिडाच्या बोटी तिकडे निघतात आणि दोन-तीन आठवड्यांत पोचतात. बोटीवर सहा माणसे धरली आणि प्रवास तीन आठवड्यांचा धरला, तर वाटेत कुणा ना कुणाचा वाढदिवस येण्याची शक्यता दहात तीन इतकी भरते. मग घरच्यांनी निघतानाच कागदात गुंडाळून, वर तारीख घालून दिलेली भेट कप्प्यातून बाहेर निघते. ओव्हन नसेल तर शिटी काढलेल्या कुकरमध्ये केक होतो, तसा तो आपल्याकडेही अनेक घरांत होतच आला आहे. पाळीवरचा माणूस सुकाणू सोडू शकत नाही, म्हणून पाळी बदलण्याच्या वेळेला सगळे एकत्र जमतात. वारा पिसाटलेला असेल तर केक आज न होता परवा होतो आणि कुणाचेच काही बिघडत नाही. तिथीने की तारखेने, हा प्रश्न ज्यांच्या घरी दरवर्षी निघतो त्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. औक्षण दोन दिवस मागेपुढे झाले म्हणून आयुष्य उणे होत नाही. पॅसिफिकमध्ये पूर्वेकडे जाणाऱ्या बोटीने आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की एक तारीख दोनदा येते, पश्चिमेकडे जाणाऱ्या बोटीच्या पंचांगातून एक दिवस नाहीसा होतो. म्हणजे महासागरात वाढदिवस दोनदा येऊ शकतो, किंवा येतच नाही.

फ्रान्सिस चिचेस्टर यांचा पासष्टावा वाढदिवस या बाबतीत फार बोलका आहे. २७ ऑगस्ट १९६६ रोजी ते ‘जिप्सी मॉथ ४’ घेऊन प्लिमथहून एकटे निघाले आणि १७ सप्टेंबरला, अटलांटिकमध्ये असताना पासष्ट वर्षांचे झाले. काही वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान सांगितलेले होते. त्या संध्याकाळी या गृहस्थांनी मेजवानीचे जॅकेट अंगावर चढवले, पत्नीने दिलेली भेट उघडली आणि शॅम्पेनचा पेला भरला. सभोवती पाहायला कुणी नसताना केलेला हा थाट मला अतिशय मोलाचा वाटतो. एकट्या माणसाला समुद्रावर वेळेचा आकार राहत नाही. झोप तुकड्यांत होते, दिवस आणि रात्र शिडांच्या कामात मिसळून जातात. अशा वेळी ‘आज माझा दिवस आहे’ असे ठरवून नीट कपडे घालणे हे मन ठिकाणावर ठेवण्याचे खरेखुरे साधन आहे. चिचेस्टर यांनी स्वतःपुढे एक उद्दिष्ट ठेवले होते. जुन्या क्लिपर जहाजांप्रमाणे शंभर दिवसांत सिडनी गाठायचे. बोटीला आपोआप दिशेवर ठेवणारी यंत्रणा वाटेत मोडली आणि त्यांना १०७ दिवस लागले. त्या सात दिवसांनी कुणाचे काय अडले? २८ मे १९६७ रोजी ते प्लिमथला परतले, राणीने ड्रेकच्या तलवारीने त्यांना ‘सर’ किताब दिला, आणि आज त्यांचे नाव घेताना कुणी त्या सात दिवसांचा हिशेब मांडत नाही. चुकल्यावर ज्यातून फारसे काही हरवत नाही अशी ती मुदत होती.

वयाची मुदत चुकली तर मात्र सगळेच हरवते. अठरावा वाढदिवस उलटला की सतराव्या वर्षाचा विक्रम कायमचा जातो, पुन्हा प्रयत्नाची सोयच नाही. २००९ ते २०१२ या काळात हे जगापुढे घडले. कॅलिफोर्नियाचा झॅक संडरलंड जुलै २००९ मध्ये सतराव्या वर्षी प्रदक्षिणा पूर्ण करून आला. सहाच आठवड्यांत ब्रिटनचा माइक पेरहॅम त्याहून काही महिने लहान वयात परतला. ऑस्ट्रेलियाची जेसिका वॉटसन १५ मे २०१० रोजी सिडनीला पोचली, तेव्हा तिच्या सतराव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले होते. झॅकची धाकटी बहीण ॲबी सोळाव्या वर्षी निघाली आणि दक्षिण हिंदी महासागरात तिच्या बोटीची डोलकाठी मोडली. नेदरलँड्सची लॉरा डेकर जानेवारी २०१२ मध्ये सोळा वर्षे आणि चार महिन्यांची असताना सेंट मार्टिन बेटावर पोचली. तीन वर्षांत पाच मुले, आणि प्रत्येकाच्या बातमीत समुद्रापेक्षा जन्मतारीख ठळक.

यांतले ॲबीचे प्रकरण नीट पाहण्यासारखे आहे. २३ जानेवारी २०१० रोजी ती कॅलिफोर्नियाहून निघाली. वीजपुरवठ्याच्या अडचणीमुळे मेक्सिकोत थांबून ६ फेब्रुवारीला पुन्हा निघाली. केप हॉर्न ओलांडले, पण आपोआप सुकाणू सांभाळणारी यंत्रणा बिघडल्यामुळे केपटाउनला थांबणे भाग पडले. तिथून ती २१ मे रोजी बाहेर पडली, म्हणजे दक्षिण गोलार्धातला हिवाळा तोंडावर आलेला असताना. १० जूनला बोट उलटीपालटी झाली. पर्थहून सोडलेल्या प्रवासी विमानाने तिचा शोध लावला, मासेमारीच्या एका फ्रेंच जहाजाने तिला उचलले. त्या धडपडीत जहाजाचे कप्तानच पाण्यात पडले आणि त्यांनाही बाहेर काढावे लागले. न थांबता जाण्याचा विक्रम केपटाउनलाच संपला होता, तेव्हा पुढचे सगळे वाढदिवसामुळेच घडले असे म्हणणे त्या मुलीवर अन्याय करणारे ठरेल. ती धीराची आणि कसबी होती, हेही तिच्या वागण्यातून दिसले. पण जानेवारीच्या अखेरीस निघालेली बोट पुढे एकदा अडली तर दक्षिण हिंदी महासागरात हिवाळ्यातच पोचणार, हे निघण्याच्या दिवशीच उघड होते. आणखी आठ-नऊ महिने थांबून पुढच्या योग्य हंगामात निघणे एरवी सहज शक्य होते. वयाच्या शर्यतीत नेमके तेवढेच शक्य नव्हते.

समुद्राचे वेळापत्रक माणूस ठरवत नाही हे कोकणच्या किनाऱ्यावर कुणालाही विचारावे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तो झाला सरकारी नियम. पण बंदी उठली तरी दर्या खवळलेला असेल तर तांडेल होडी लोटत नाही, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहण्याची वाट पाहतो. भारतीय नौदलाच्या सागर परिक्रमांनीही हेच सूत्र पाळले. अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन निघाले आणि जानेवारीत केप हॉर्नला होते. वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून ‘तारिणी’ घेऊन निघाल्या, त्यांनीही हॉर्न जानेवारीतच ओलांडले. दिलना के. आणि रूपा ए. या दोघींची ‘तारिणी’ २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाली आणि फेब्रुवारीत हॉर्नजवळ होती. म्हणजे सगळ्यांनी दक्षिणेचा उन्हाळा साधला. कुणाच्या जन्मतारखेला या आखणीत जागा नव्हती.

मुदतीचा दाब प्रौढांनाही कसा वाकवतो, त्याचा सर्वात करुण दाखला ‘सुहैली’च्याच शर्यतीत आहे. दक्षिणेचा हिवाळा टळावा म्हणून आयोजकांनी ३१ ऑक्टोबर १९६८ ही निघण्याची शेवटची तारीख ठेवली होती. हेतू चांगला होता. गाझियाबादमध्ये जन्मलेले डोनाल्ड क्रोहर्स्ट यांची बोट त्या दिवशी तयार नव्हती. पैसा गुंतला होता, प्रसिद्धी झाली होती, आणि ते त्याच शेवटच्या दिवशी अर्धवट तयारीच्या बोटीने निघाले. पुढे खोटी ठिकाणे कळवत ते अटलांटिकमध्येच फिरत राहिले. जुलै १९६९ मध्ये त्यांची रिकामी बोट सापडली, ते सापडले नाहीत. दुसरा दाखला हवेतला आहे. ११ एप्रिल १९९६ रोजी सात वर्षांची जेसिका डुब्रॉफ अमेरिका ओलांडणारी सर्वात लहान ‘वैमानिक’ ठरावी म्हणून निघालेले छोटे विमान शायएन शहरात उड्डाण करताच कोसळले. ती, तिचे वडील आणि प्रशिक्षक असे तिघेही गेले. बिघडत्या हवेत उड्डाण करण्याचा निर्णय चुकला, आणि त्यामागे दाटीवाटीचे वेळापत्रक व माध्यमांना दिलेल्या वेळा होत्या, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून असे बालविक्रम बंद केले. या दोन्ही घटनांत हवा आणि पाणी जितके दोषी, तितकीच किनाऱ्यावर ठरलेली तारीख.

यावर पहिला आक्षेप असा येतो की प्रत्येक विक्रम घड्याळाविरुद्धच असतो, मग वयाचाच एवढा राग का? फरक घड्याळ कोण सुरू करते यात आहे. न थांबता सर्वात वेगवान प्रदक्षिणेसाठी निघणारे फ्रेंच चमू बोट सज्ज ठेवून अनुकूल वाऱ्यासाठी आठवडेच्या आठवडे बंदरात बसून राहतात. वारा जुळला नाही तर तो हंगाम सोडून देतात. त्यांचे घड्याळ ते निघतील तेव्हा सुरू होते. वयाच्या विक्रमाचे घड्याळ जन्माच्या दिवशीच सुरू झालेले असते आणि ते कशासाठीही थांबत नाही. ना दुरुस्तीसाठी, ना वादळासाठी. ‘थांबू या’ हा समुद्रावरचा सर्वात उपयोगी निर्णय. हा विक्रम त्याच निर्णयाला दंड लावतो.

दुसरा आक्षेप ॲबीच्या बाजूने तेव्हा मांडला गेला, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लाटा वय पाहून येत नाहीत. खरे आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत अभिलाष टॉमींची बोटही दक्षिण हिंदी महासागरातच वादळाने मोडली, त्यांच्या पाठीला गंभीर इजा झाली आणि फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांची सुटका केली. ते तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे, मुरलेले नौदल अधिकारी होते. पण त्यापुढे काय झाले ते पाहा. पाठीची शस्त्रक्रिया झाली, चालणे नव्याने शिकावे लागले, आणि चार वर्षांनी तीच शर्यत त्यांनी पुन्हा केली. २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसऱ्या क्रमांकाने पोचले. त्यांचा चौतिसावा वाढदिवस २०१३ च्या प्रदक्षिणेत समुद्रावर आला होता, चव्वेचाळिसावाही २०२३ च्या शर्यतीत समुद्रावरच आला. दहा वर्षांच्या अंतराने, त्याच दक्षिणेकडच्या पाण्यात. चार वर्षे थांबून ते परत जाऊ शकले, कारण त्यांच्या कर्तृत्वावर वयाची अट नव्हती. सोळाव्या वर्षी डोलकाठी मोडलेल्या मुलीला तोच विक्रम विसाव्या वर्षी पुन्हा करून पाहता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वात जड आहे. मुलांना अडवून ठेवले तर उद्याचे दर्यावर्दी येणार कुठून? जेसिका वॉटसन काय, लॉरा डेकर काय, दोघींनी जिद्दीने आणि कौशल्याने ते करून दाखवलेच ना? दाखवले, आणि त्यांचे कौतुक मनापासून व्हायला हवे. जेसिका ऑक्टोबरमध्ये, योग्य हंगामात निघाली. त्याआधी महिनाभर, सरावाच्या पहिल्याच रात्री तिच्या बोटीची एका मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन डोलकाठी मोडली होती. बोट दुरुस्त करून ती तरीही निघाली आणि सात महिन्यांनी सुखरूप परतली. लॉराची गोष्ट तर माझ्या म्हणण्याला बळच देते. तिला तेराव्या वर्षीच निघायचे होते. ऑगस्ट २००९ मध्ये डच न्यायालयाने तिला बालसंरक्षण यंत्रणेच्या देखरेखीखाली ठेवले आणि जवळपास वर्षभर रोखले. ती चिडली, तिला ते अपमानास्पद वाटले, आणि ते समजण्यासारखे आहे. पण त्या वर्षात तिने मोठी बोट मिळवून सज्ज केली, प्रथमोपचार शिकून घेतले, तयारी वाढवली. ऑगस्ट २०१० मध्ये निघाल्यावरही तिच्या हाती इतका वेळ होता की ती बंदरोबंदरी थांबली, हंगाम पाहून पुढे सरकली, चाच्यांचा धोका टाळण्यासाठी डार्विनहून थेट डर्बनला गेली. सोळावा वाढदिवसही तिने ऑस्ट्रेलियात, घाई न करता घालवला. मुदत तिच्यासाठी सैल होती म्हणून ती उत्तम दर्यावर्दीसारखी वागू शकली. मुलांनी समुद्रावर जाऊच नये असे माझे म्हणणे नाही. त्यांनी जावे, लवकर शिकावे, वडीलधाऱ्यांबरोबर महासागर ओलांडावेत, बारावा वाढदिवस हवा तर अटलांटिकमध्ये साजरा करावा. फक्त त्या दिवसाच्या आत अमुक किनारा गाठलाच पाहिजे, हे ओझे त्यांच्या खांद्यावर कुणी ठेवू नये.

शिडाच्या बोटींच्या विक्रमांची नोंद ठेवणारी जागतिक परिषद आता वयाचा गट मानत नाही, गिनेसनेही अशा बालदर्यावर्दींची नोंद बंद केली. म्हणून जेसिका आणि लॉरा यांच्या नावावर यांपैकी कुणाचीच अधिकृत मोहोर नाही. मोहोर नसूनही ते मथळे जगभर चालले, कारण ‘सर्वात लहान’ हा शब्द वर्तमानपत्रांना लागतो. इथे आपला संबंध येतो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या पुरवणीत सहा वर्षांच्या मुलाने पोहून पार केलेली खाडी, सात वर्षांच्या मुलीने सर केलेला कडा अशा बातम्या नियमाने येतात. अशा मोहिमा कधी भल्या पहाटे, कधी भरतीच्या वेळेला आखलेल्या असतात. त्यात शिक्षक असतात, सोबतीची होडी असते, काळजीही असते. पण पुढच्या महिन्यात वाढदिवस असेल तर हवा नीट नसतानाही ‘आता नाही तर कधीच नाही’ हा विचार आईवडिलांच्या मनात शिरतोच. मुलाला तो बोलून दाखवायचीही गरज पडत नाही, घरातल्या तयारीवरून ते ओळखते. आणि पाण्यात उतरल्यावर ‘मला बाहेर काढा’ म्हणायला त्याची जीभ रेटत नाही.

मुलामुलींच्या अशा बातम्या छापणाऱ्या संपादकांना आणि त्या पाठवणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे की वय बातमीत जरूर लिहा, मथळ्यातून मात्र ‘सर्वात लहान’ काढून टाका. त्याऐवजी मोहीम कोणत्या महिन्यात आखली, हवा बिघडली तर थांबवण्याचा अधिकार कुणाकडे होता, आणि याआधी ती किती वेळा पुढे ढकलली, हे विचारा आणि छापा. पुढे ढकललेली मोहीमही बातमी म्हणून छापायला लागा.